सही घेतली भावाने, आणि द्वेष वहिनीचा

जुळे सोलापूरमधून एका ताईंचं पत्र आलंय. सहा पानं आहेत, वहीच्या कागदावर लिहून मोबाईलने फोटो काढून पाठवलेली, आणि शेवटच्या दोन पानांवर अक्षर इतकं बदललंय की ती रात्री उशिरा लिहिलेली असणार. नाव आणि माहेरचं गाव छापू नका म्हणाल्यात, ते छापत नाहीच. अख्खं पत्र देत नाही, लागतंय तेवढं सांगते.

वडील गेल्यावर मोठ्या भावाने ताईंना बोलावून घेतलं, सोसायटीच्या कर्जाचे कागद आहेत, वारसांच्या सह्या लागतात म्हणाला. ताई गेल्या, दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो झाला, अंगठा झाला, सही झाली, दादाने बाहेर चहा पाजला आणि एसटीत बसवून दिलं. पुढे जमिनीचा एक तुकडा हायवेत गेला, मोबदला आला, ताईंना कुणी काही बोललं नाही. मागच्या गणपतीत त्यांनी सहज मोबाईलवर सातबारा उघडून बघितला तर नावच नाही. तेव्हा कळलं की त्या दिवशी हक्कसोड पत्रावर सही झाली होती. दादाला फोन केला तर तो म्हणाला, "बापूंची तशीच इच्छा होती", आणि विषय संपवला. मग दिवाळीत माहेरी गेल्या तेव्हा वहिनी सगळ्यांसमोर म्हणाली, "आता तुमचं इथं काय राहिलंय, यायचं, जेवायचं आणि जायचं."

तेव्हापासून ताईंना वहिनीचं तोंड बघवत नाही. तिचं वाईट व्हावं असं वाटतं, तिला काही झालं तर बरं वाटेल असंही त्यांनी लिहिलंय, आणि तेवढं लिहून झाल्यावर ते खोडलंय पण वाचता येतं. वहिनी कर्नाटकातल्या इंडीकडची, घरात कानडी बोलणारी, तर आता "ती माणसंच तसली" असं ताईंच्या तोंडून सारखं निघतं. ताईंची मुलगी 11 वर्षांची. तिने शाळेत वर्गातल्या एका मैत्रिणीबरोबर डबा खायला नाही म्हटलं, "तुम्ही कानडी लोक असेच असता, माझी आई म्हणते." बाईंनी ताईंना शाळेत बोलावून घेतलं. आणि वैशाखात भाचीचं लग्न आहे, भाची रोज व्हॉट्सॲपवर मेसेज टाकते की आत्या तू यायचंच.

ताईंचे प्रश्न असे: माणूस असा द्वेष का करतो, द्वेष करणं कधी बरोबर असतं का, की मीच वाईट बाई आहे, लग्नाला जाऊ का, आणि आई फोनवर रोज विचारते तिला काय सांगू.

ताई, द्वेषाचं बोलूच, पण आधी एक तातडीचं सांगते, कारण मनाचं काय व्हायचं ते होत राहील पण कायद्याची मुदत थांबत नाही. फसवून घेतलेला दस्त रद्द करून मागायचा असेल तर ती फसवणूक कळल्यापासून साधारण 3 वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. तुम्हाला मागच्या गणपतीत कळलं, म्हणजे वेळ आहे, पण लोळत पडण्याइतका नाही. त्या हक्कसोड पत्राची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून काढा, सोबत सूची क्रमांक 2, म्हणजे दस्ताच्या नोंदणीचा गोषवारा, घ्या, फेरफाराचा उतारा घ्या, आणि हे सगळं घेऊन वकिलाकडे जा. वकिलाला द्यायला पैसे नाहीत असं लिहिलंय तुम्ही, तर सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, बाईमाणसाला तिथं फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, 1987 चा कायदाच आहे तसा. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्माने हक्क 2005 च्या दुरुस्तीने मिळाला आणि वडील 2005 साली हयात असायलाच पाहिजेत असं काही नाही हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये स्पष्ट केलंय. नोंदणी झालेला दस्त कोर्ट आधी खरा धरूनच चालतं, तो फसवून घेतला हे तुम्हाला दाखवावं लागेल, सोपं नाहीये ते, खोटी आशा मी लावत नाही. मोबदल्याचे सगळे पैसे वाटून झालेत की काही बाकी आहे हेही भूसंपादन ऑफिसात विचारून घ्या. आणि यापुढे कुठल्याही कागदावर वाचल्याशिवाय सही नको, दादा रडला तरी नको.

आता द्वेषाचं.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट जाणवली ती तशीच सांगते, राग मानू नका. सहा पानांत दादाबद्दल जेमतेम चार ओळी आहेत. बाकी सगळी वहिनी आहे. तिचं बोलणं, तिचं चालणं, तिने नवीन घेतलेलं गंठण, तिची माणसं, तिचा स्वयंपाक, ती आल्यापासून घर कसं बदललं. पण ताई, खोटं कोण बोललं? दादा. निबंधक कार्यालयात तुमच्या शेजारी कोण उभा होता? दादा. मोबदला कुणाच्या खात्यात जमा झाला? दादाच्या. फोनवर बापूंचं नाव पुढं करून विषय कुणी मिटवला? वहिनीने जे केलं ते एक वाक्य बोलली, आणि ते वाक्य दुष्टपणाचं होतं, चार माणसांत बोलली म्हणून जास्तच, ते मी कमी करत नाहीये. पण जमीन त्या वाक्याने गेली नाही.

मग सगळा द्वेष तिच्याकडे का गेला? माझं मत असं आहे की दादाचा द्वेष करणं तुम्हाला परवडत नाही. दादा गेला की माहेर गेलं, भाऊबीज गेली, आईला भेटायला जायचं दार गेलं, लहानपणी ज्याने सायकलवर डबलसीट शाळेत नेलं तो माणूस गेला. वहिनी मात्र बाहेरून आलेली. तिच्यावर सगळं टाकलं की दादा भोळाच राहतो, "तो असा नव्हता हो, तिने केला" असं म्हणता येतं आणि माहेर मनात तरी शाबूत राहतं. हे तुम्ही ठरवून केलेलं नाही, कुणीच ठरवून करत नाही. पण भावकीच्या भांडणांची जेवढी पत्रं येतात, मग ती मोहोळची असोत नाहीतर बार्शीची, त्यातल्या कितीतरी पत्रांत हेच आहे, केलं मुलाने आणि दोष सुनेचा, केलं भावाने आणि दोष भावजयीचा. माणूस ज्याने दुखावलं त्याचा द्वेष करतो असं आपण धरून चालतो, पण पुष्कळ वेळा तो ज्याचा द्वेष करणं सोपं आहे, ज्याला गमावून काही बिघडत नाही, त्याचाच करतो.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे. उरलेलं अर्धं दिवाळीच्या त्या वाक्यात आहे. तुम्हीच लिहिलंय की जमीन गेल्याचं कळलं तेव्हा रडू आलं पण झोप उडाली ती दिवाळीनंतर. नुकसान माणूस सोसतो, अपमान सोसत नाही, आणि अपमान झाला तेव्हा काहीच बोलता आलं नाही, ताट समोर होतं, आई बघत होती, तुम्ही मान खाली घालून जेवलात, ते जास्त बोचतं. जो राग तिथल्या तिथं बोलून टाकता येतो तो बहुतेकदा निवतो. ज्याला वाटच मिळाली नाही तो आत बसतो आणि डूख धरतो. दुबळी माणसं जास्त द्वेष करतात असं कुणी म्हणालं तर मला ते अन्यायाचं वाटतं, दुबळ्या माणसाला दुसरं काही करायची सोयच नसते म्हणून तो करतो. म्हणूनच मी वकिलाचं आधी सांगितलं. हातात करण्यासारखं काही आलं की द्वेषाला पहिल्याइतकं काम उरत नाही.

ॲरिस्टॉटलने हे 2300 वर्षांपूर्वी फार नीट मांडलंय. तो म्हणतो राग एका माणसावर असतो, त्याने मला काहीतरी केलं म्हणून, पण द्वेष अख्ख्या जातकुळीचा करता येतो, म्हणजे चोर म्हटला की सगळे चोर. रागाला काळ हे औषध आहे, द्वेषाला नाही. रागावलेल्या माणसाला वाटतं की समोरच्याला आपलं दुखणं कळावं, त्यालाही लागावं. द्वेष करणाऱ्याला तो माणूस असूच नये असं वाटतं. आणि रागावलेल्याला कधी ना कधी समोरच्याची दया येऊ शकते, द्वेष करणाऱ्याला येत नाही.

याच्यावरून एक साधी परीक्षा तुम्हाला देते, शांतपणे बसून करा, एका कागदावर लिहिलंत तर अजून चांगलं. दादाने काय केलं तर तुमचा राग जाईल? लगेच उत्तर येईल तुम्हाला, मला माहितीये: खरं बोलावं, माझा हिस्सा द्यावा, निदान मोबदल्यातलं द्यावं, चार माणसांत कबूल करावं. म्हणजे तिथं अजून हिशोब आहे, देणंघेणं आहे, ते चुकतं झालं तर मिटू शकतं. आता वहिनीने काय केलं तर जाईल? पत्र वाचून मला असं वाटतं की तुम्हाला पटकन उत्तर येणार नाही. तिने माफी मागितली तरी नाटक वाटेल, ती गप्प बसली तरी माज वाटेल, चांगलं वागली तर काहीतरी डाव असेल. ज्या भावनेला समोरच्याने काहीही केलं तरी फरक पडत नाही, तिचा समोरच्याशी संबंध संपलेला असतो. ती भावना आता तुमच्याच घरात राहते, तुमचंच खाते.

आणि ती वाढते, हे त्यातलं सगळ्यात वाईट. एका बाईपासून निघून ती इंडीपर्यंत गेली, मग कानडी बोलणाऱ्या सगळ्यांपर्यंत, आणि मग शाळेच्या डब्यापर्यंत आली. त्या मैत्रिणीने तुमच्या सातबाऱ्याला हात लावला नव्हता.

हे इतक्या सहज कसं होतं यावर हेन्री टाजफेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या सुमाराला इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या शाळकरी पोरांवर प्रयोग केले होते. 14-15 वर्षांची मुलं, त्यांना दोन चित्रकारांची चित्रं दाखवली आणि तुला हा आवडला, तुला तो, असं म्हणून दोन गट पाडले. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना माहिती नव्हतं, भांडण नाही, जुनी खुन्नस नाही, काही नाही. मग दुसऱ्यांना पैसे वाटायला लावले तर मुलांनी आपल्या गटाला जास्त दिले, आणि काही वेळा तर आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालेल पण समोरच्यापेक्षा जास्त मिळाले पाहिजेत असे वाटले. म्हणजे नुसती रेघ मारली की पुरे, बाकीचं माणूस स्वतःच करतो. तुमच्याकडे तर रेघेच्या जोडीला खरी जखम होती, मग काय.

पण आपण सोलापुरात राहतो ताई. इथं मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू एका रिक्षात बसतात. तुम्ही गड्ड्याच्या यात्रेला दरवर्षी जाता असं लिहिलंय, नंदीध्वजाला नमस्कार करता, तर ज्या सिद्धेश्वरापुढं हात जोडता त्या सिद्धरामांची वचनं कानडीत आहेत, बाराव्या शतकातली. हे मुलीला सांगा. भाषण म्हणून नको, तळ्याकाठी फिरायला नेलं की बोलता बोलता सांगा. आणि त्याच्याही आधी, याच आठवड्यात, तिला सरळ सांगा की मला मामीचा राग आलाय, तिने मला वाईट बोललं म्हणून, तो माझा आणि तिचा मामला आहे, कानडी लोकांबद्दल मी जे बोलले ते चुकीचं बोलले. मुलगी 11 वर्षांची आहे, तिला कळतं सगळं. मैत्रिणीला सॉरी तिनेच म्हणायचं, पण तुम्ही सोबत जा, त्या मुलीच्या आईशी तुम्ही स्वतः बोला. अवघड वाटेल. जा तरी.

आता तुमचा मोठा प्रश्न, द्वेष कधी बरोबर असतो का. इथं माझं मत पुष्कळांना पटत नाही पण मी ते बदललेलं नाही. "माफ करून टाक, मन हलकं होतं" असं जे तुम्हाला सगळे सांगतात, तुमचे मिस्टर सांगतात, ऑफिसमधली मैत्रीण सांगते, ते मी सांगणार नाही. ज्याने चूक कबूलच केली नाही त्याला माफ कशाबद्दल करायचं? बाईला माफ करायला सांगणं फार सोपं असतं, कारण त्यात बाकी कुणाला काही करावं लागत नाही, जमीन जिथं आहे तिथं राहते, पैसे जिथं आहेत तिथं राहतात, आणि घरात शांतता.

जाँ आमेरी नावाचा एक लेखक होता, व्हिएन्नाचा, ज्यू. 1943 मध्ये बेल्जियममध्ये नाझींनी त्याला पकडलं, छळ केला, पुढे ऑशविट्झच्या छळछावणीत पाठवलं. जगला. युद्धानंतर वीसएक वर्षांनी युरोपात सगळे म्हणायला लागले की झालं गेलं विसरा, पुढं बघा, तेव्हा तो म्हणाला मी विसरणार नाही आणि माझा कडवटपणा सोडणार नाही. त्याला बदला घ्यायचा नव्हता. ज्यांनी केलं त्यांनी आपण काय केलं ते खरं मानावं, ते झालंच नसतं तर बरं झालं असतं असं त्यांना मनापासून वाटावं, एवढं त्याला हवं होतं. मला तो माणूस बरोबर वाटतो. तुमच्या घरच्या गोष्टीची त्या भयंकर गोष्टीशी बरोबरी करत नाहीये मी, पण एवढं त्यातून घेण्यासारखं आहे की अन्याय झालेल्या माणसाने लवकर निवळावं अशी घाई ज्यांना असते ती बहुतेक वेळा त्यांच्या स्वतःच्या सोयीसाठी असते.

मग द्वेषाला हद्द कुठं? त्यासाठी मला आपल्याकडचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी घेतलं, आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली. ज्या माणसाला वर्गाबाहेर बसवलं, पाणी नाकारलं, परदेशात शिकून आल्यावर बडोद्यात राहायला खोली मिळू दिली नाही, त्याला द्वेष करायला जगात कुणापेक्षाही जास्त कारण होतं. तेव्हा ब्राह्मणेतर चळवळीतल्या काही पुढाऱ्यांनी त्यांना सांगितलं की तुमच्या चळवळीत ब्राह्मण नकोत, मग आम्ही सोबत येतो. बाबासाहेबांनी ते मान्य केलं नाही. विरोध ब्राह्मण्याला आहे, जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसाला नाही ही त्यांची भूमिका होती. मनुस्मृती जाळण्याच्या ठरावात गंगाधर सहस्रबुद्धे पुढं होते, ते जन्माने ब्राह्मण. म्हणजे पुस्तक जाळायला हात कचरला नाही आणि माणूस जन्मावरून बाहेर काढला नाही. एवढ्या मोठ्या जखमेतून आलेला माणूस नेम इतका नीट धरतो, हे मला त्यांच्या कितीतरी मोठ्या कामांइतकंच मोठं वाटतं.

तर माझं उत्तर हे: जे केलं गेलं त्याचा द्वेष करा, पूर्ण करा, अजिबात लाजू नका. सोसायटीचे कागद म्हणून बहिणीची सही घ्यायची, ही जी चाल घराघरात चालते, पोरीने हक्क मागितला की माहेर तुटेल अशी भीती दाखवायची, साडीचोळीवर बोळवण करायची, त्या चालीचा द्वेष केलाच पाहिजे, मला स्वतःला तिची चीड येते. दादावर रागवा, हिस्सा मागा, कोर्टात जा. पण ज्याने केलं नाही त्याच्यावर ते नेऊन टाकणं, आणि एखाद्या माणसाचं वाईट व्हावं म्हणून वाट बघत बसणं, याला मला कुठलंच समर्थन सापडत नाही.

आणि वहिनीचं म्हणाल तर तुमच्याच पत्रात चौथ्या पानावर एक वाक्य आहे जे तुम्ही लिहून पुढं निघून गेलात. "स्वतःच्या माहेरी सगळं भावांना लिहून देऊन आली, तोंडातून शब्द काढला नाही, आणि इथं येऊन माझं काढून घेतलं." ताई, हे परत वाचा की. म्हणजे तिचीही सही झालेली आहे. तिलाही कुणीतरी असंच गाडीत बसवून नेलं असेल, तिच्या नावावर तिकडं काही नाही, आणि इकडं सातबाऱ्यावर दादाचं नाव आहे, तिचं नाही. मग ती नणंदेला "तुमचं इथं काय राहिलंय" म्हणते तेव्हा त्यात दुष्टपणा आहेच, पण मला त्यात अजून एक ऐकू येतं, मी मुकाट्याने सोडलं मग हिने का मागावं. हे ऐकून तिचा पुळका यावा असं माझं म्हणणं नाही. ती तुम्हाला बोलली त्याची माफी ती तुमची देणं लागते. फक्त त्या घरात जमीन घालवलेल्या बाया दोन आहेत आणि भांडण त्या दोघींतच लागलंय, आणि दादा ओट्यावर पेपर वाचत बसलाय, एवढं डोळ्यासमोर आणा.

रोजचं काय करायचं तेही सांगते. मावसबहिणीला रोज रात्री फोन लावून तास तास वहिनीचा विषय काढता ना, तो बंद करा. बोलून मन मोकळं होतं असं सगळ्यांना वाटतं पण प्रकार उलटा आहे. 2002 मध्ये ब्रॅड बुशमन नावाच्या अमेरिकन संशोधकाने कॉलेजच्या पोरांना आधी चिडवलं, म्हणजे त्यांच्या निबंधाला मुद्दाम घाण शेरा दिला, मग काहींना त्या शेरा देणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅग बडवायला लावली आणि काहींना नुसतं दोन मिनिटं शांत बसवलं. विचार करत बडवणारे सगळ्यात जास्त चिडलेले निघाले, नुसते बसलेले कमी. तुमचा रोजचा फोन म्हणजे ती बॅगच आहे. मावसबहिणीशी बोला की, पण दुसरं बोला, आणि वहिनीचा विषय निघाला तर तिलाच आधी सांगून ठेवा की मला थांबव.

रात्री पडल्यावर डोक्यात भाषणं चालतात, असं बोलेन, तशी उलटून पडेन, असंही लिहिलंय. लंडनमध्ये 2008 साली सेमिर झेकी आणि जॉन रोमाया यांनी 17 लोकांना ते ज्याचा द्वेष करतात त्याचा फोटो दाखवून मेंदू तपासला होता. प्रेमात जे भाग जागे होतात त्यातले दोन द्वेषातही जागे होते, पण प्रेमात पारख करणारा मेंदूचा पुढचा बराच भाग मंद होतो, द्वेषात तो फारसा मंद होत नाही. अभ्यास लहान आहे, फार डोक्यावर घेऊ नका, पण तुमच्या रात्रींशी जुळतंय: माणूस द्वेषात आंधळा नसतो, तो हिशोब करत जागा असतो. मग तो हिशोब कामाला लावा. भाषण सुचलं की उठून लाईट लावा आणि वहीत लिहा, पण फक्त जे घडलं ते, तारीख, कोण कोण होतं, कोण काय म्हणालं, कर्जाचे कागद असं दादाने नेमकं कुठं आणि कुणासमोर म्हटलं. वकील हेच विचारणार आहे तुम्हाला.

लग्नाला जा. भाचीने तुमचं काही घेतलं नाही, तिला आत्या पाहिजे आहे, आणि न जाण्याने शिक्षा फक्त तिला होईल. हळदीपासून मुक्काम करायची गरज नाही, लग्नाच्या दिवशी सकाळी जा, अक्षता टाका, भाचीजवळ बसा, जेवा, संध्याकाळी परत या. आहेर तुमच्या ऐपतीचा करा. वहिनीने मानाची साडी दिली तर घ्या, नाही दिली तर मागे वळून बोलू नका, आणि तिच्याशी गोड बोलायचं नाटकही करू नका, "बरी आहेस का" एवढं पुरे. मांडवात जमिनीचा शब्द काढायचा नाही, कुणी नातेवाईक मुद्दाम उकरून काढेल, हमखास काढतात, तर "आज नको" म्हणून उठायचं.

दादाशी बोलणं लग्नानंतर, पण ते झालंच पाहिजे, आणि फक्त दादाशी, वहिनीला मधे न घेता. आणि तिचं नाव न घेता, हे जास्त महत्त्वाचं, कारण तिचं नाव आलं की त्याला पळायला वाट मिळते, तोही म्हणणार की तुमचं बायकांचं मला माहिती नाही. असं काहीतरी बोला: "दादा, तू मला कर्जाचे कागद म्हणून नेलंस आणि हक्कसोडवर सही घेतलीस. मला माझा हिस्सा पाहिजे. तू बसून मिटवणार असशील तर बसू, नाहीतर मी दावा लावणार आहे." मग गप्प बसा. तो बापूंचं नाव काढेल, आईच्या तब्येतीचं काढेल. तुम्ही तीच तीन वाक्यं परत म्हणा. मिटवायची तयारी दिसली तर कोर्टातल्या मध्यस्थी केंद्राचा मार्ग आहे, तिथं ठरलेलं लेखी होतं, नुसत्या तोंडी शब्दावर परत विश्वास ठेवू नका. त्याने नाही म्हटलं तर तुम्हाला फार दुखेल, वहिनीच्या वाक्यापेक्षा जास्त, कारण मग दादा भोळा होता हे म्हणायची सोय राहणार नाही. ते दुखणं खरं आहे, ते येऊ द्या. त्या दिवसात कुणीतरी जवळ असू द्या. आणि महिनोन् महिने झोप येत नसेल, जेवण जात नसेल, कामात लक्ष लागत नसेल तर डॉक्टरांकडे जा, सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी असते, तिथं जाण्यात कमीपणा काही नाही.

राहिली आई. तिचा रोज फोन येतो, "येणार ना गं, मला तोंडघशी पाडू नकोस." तिला सांगा की आई मी लग्नाला येतेय, पण जमिनीचं माझं बोलणं संपलेलं नाही, ते मी दादाशी बोलणार आहे, तू मधे पडू नकोस आणि मला शपथ घालू नकोस. आणि हक्कसोड पत्राची नक्कल हातात आली की त्यात एक गोष्ट आवर्जून बघा, तुमच्या नावाखाली आईचंही नाव आणि अंगठा आहे का. असेल तर ती दादाच्या घरात कशाच्या जोरावर राहतेय हे तुम्हाला कळेल, आणि वकिलाला तिच्या हिश्शाबद्दलही विचारावं लागेल.